चालतंय तेच नवल

सार्वजनिक धोरण या विषयात एम.ए. करता येतं, त्याला प्रवेशपरीक्षा असते, फी असते आणि वर हजेरीही सक्तीची असते, असं सांगितलं की समोरच्या मराठी माणसाच्या चेहऱ्यावर कणव उमटते. जे ज्ञान आपल्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून अवगत आहे त्याचे कुणी पैसे घेतंय आणि कुणीतरी ते मुकाट भरतंय, याची ती कणव. आपल्याकडे धोरण सांगायला कुणाचंच कधी अडलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत मसालेभात यायच्या आत लोकसंख्येचा प्रश्न सुटतो आणि मठ्ठा फिरेपर्यंत शेतीमालाच्या भावाचाही. जिलबी आली की परराष्ट्र खातं.

या उपायांच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. पहिली पायरी म्हणजे ‘कायदाच करायला पाहिजे’. तसा कायदा आधीपासूनच आहे असं कुणी सांगितलं तर ‘मग कडक अंमलबजावणी झाली पाहिजे’. अंमलबजावणीला माणसंच नाहीत असं निघालं तर ‘मिलिटरीच्या ताब्यात द्या’. मिलिटरीनंतर चर्चा पुढे जात नाही, कारण तोवर हात धुवायला उठायची वेळ झालेली असते.

अशा स्वयंसिद्ध समाजात राहून, एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये अर्धं आयुष्य काढून झाल्यावर, शनिवार-रविवारच्या वर्गांना बसून ही पदवी घ्यायचं मी ठरवलं. सासूबाईंनी विचारलं, “म्हणजे आता कलेक्टर होणार का गं तू?” वयात बसत नाही म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न सरळ होता, “मग शिकतेस कशाला?” नवऱ्यानं फक्त शनिवारच्या स्वयंपाकाची चौकशी केली. मुलगी म्हणाली, “आई, लगेच लिंक्डइनवर टाकू नकोस.” घरातल्या तीन पिढ्यांनी आपापल्या परीनं आशीर्वाद दिला असं समजून मी वर्गात जाऊन बसले.

वर्गात निम्मे इंजिनिअर होते. पुढे काय करायचं ते ठरेपर्यंत आपल्याकडे मुलं इंजिनिअरिंग करतात, त्यामुळे त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. उरलेल्यांत बरेच जण यूपीएससीच्या वाटेवरून आलेले. त्यांना राज्यघटनेची कलमं अशी तोंडपाठ की मुंजीतल्या बटूला संध्याही तशी येत नसेल. एक मुलगी मेळघाटात काम करून आलेली; तक्त्यातली आकडेवारी पाहून ती अधूनमधून एकटीच हसायची. एक डॉक्टर होते. एकाच वस्तीतल्या त्याच त्या मुलांचे जुलाब दर पावसाळ्यात थांबवून कंटाळल्यावर, त्या वस्तीतल्या पाण्याच्या पाइपाचा मालक नेमका कोण हे शोधायला ते आले होते. मला विचाराल तर वर्गातलं सगळ्यात नेमकं कारण त्यांचं होतं.

पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर ‘पाहिजे’ असं लिहिलं आणि त्यावर काट मारली. म्हणाले, “हा शब्द इथून पुढे बंद. ‘शाळा सुधारल्या पाहिजेत’, ‘लोकांनी शिस्त पाळली पाहिजे’, असं काही म्हणायचं नाही. त्याऐवजी तीन गोष्टी सांगायच्या. हे कोण करणार? कुणाच्या पैशानं? आणि ज्याचं यात नुकसान आहे तो दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करेल?” वर्गात शांतता पसरली. ‘पाहिजे’ काढून घेतल्यावर आम्हांपैकी कुणालाच बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात खट्याळ. त्याच्यासाठी सरांनी हनोईच्या उंदरांची गोष्ट सांगितली. व्हिएतनाममध्ये फ्रेंचांचं राज्य होतं. त्यांनी हनोईत मोठ्या हौसेनं गटारं बांधली आणि गटारांनी मोठ्या हौसेनं उंदीर पोसले. मग १९०२ मध्ये सरकारनं बक्षीस लावलं: उंदीर मारा, शेपटी आणून द्या, पैसे घेऊन जा. शेपट्यांचे ढीग लागले, साहेबलोक खूश झाले. काही दिवसांनी शहरात बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले. लोक उंदीर धरत, शेपटी कापून घेत आणि पुढची पिलावळ व्हावी म्हणून त्याला सोडून देत. शहराबाहेर तर काहींनी उंदीर पाळायलाच सुरुवात केली होती. गंमत म्हणजे या सगळ्या काळात सरकारी अहवाल चोख होता. शेपट्यांचा आकडा खोटा नव्हता, फक्त त्याचा उंदरांशी काही संबंध उरला नव्हता.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात ‘शेपट्या’ हा शब्द रूढ झाला आणि माझ्या नोकरीतला सगळा रस गेला. आमच्या ऑफिसात वर्षाला किती प्रशिक्षणं झाली याचा तक्ता लागतो. कोण काय शिकलं याचा लागत नाही. शेपट्या. मुलीच्या शाळेत वह्या किती भरल्या ते तपासत असत. शेपट्या. सासूबाईंचा नातू, म्हणजे माझा पुतण्या, मनगटावरच्या घड्याळात दहा हजार पावलं पुरी व्हावीत म्हणून सोफ्यावर बसून हात हलवतो. त्याला मी “शेपट्या” म्हटलं तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे चिंतेनं पाहिलं.

यानंतर लिहिण्याचं शिक्षण आलं. कुठलाही प्रश्न दोन पानांत मांडायचा, कारण मंत्री गाडीत बसल्यापासून पुढच्या कार्यक्रमाला उतरेपर्यंत तेवढंच वाचून होतं. आम्ही सगळे ‘पाणी हेच जीवन’ असे निबंध लिहून मोठे झालेलो. प्राचीन काळातून निघाल्याशिवाय आमची गाडी आजच्या नळापर्यंत येतच नसे, आणि नळापर्यंत येईतो दोन पानं संपलेली असत. त्या दोन पानांत पर्यायही द्यायचे असतात आणि त्यांत ‘आहे तसं चालू देणे’ हा पर्याय न चुकता धरायचा असतो. हा पर्याय पाठ्यपुस्तकात सन्मानानं छापलेला पाहून मला आमच्या सोसायटीच्या कमिटीबद्दल नव्यानं आदर वाटला. पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या यावर मी कमिटीला तीन पर्याय, प्रत्येकाचा खर्च आणि कुणाकुणाची हरकत येईल त्याची यादी असा कागद करून दिला. वार्षिक सभेला कोरम भरला नाही. अर्ध्या तासानं तीच सभा त्याच जागी कोरमशिवाय भरली आणि विषय पुढच्या सभेवर गेला. चार्ल्स लिंडब्लॉम नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९५९ मध्ये एक लेख लिहून दाखवून दिलं होतं की सरकारं आधी सगळा विचार करून मग एकदम निर्णय घेत नाहीत. जमेल तसं, चाचपडत, थोडं थोडं पुढे सरकतात. प्राध्यापक येल विद्यापीठातले होते. आमच्या सेक्रेटरींनी हे कुठल्याही विद्यापीठात न जाता साधलं आहे.

प्रत्यक्ष पाहणीसाठी मी प्लास्टिकबंदी हा विषय घेतला. महाराष्ट्रात ही बंदी २०१८ मध्ये आली. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० व तीन महिन्यांपर्यंत कैद. कागदावर याहून कडक ते काय असणार? मी आमच्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशींच्या शेजारी स्टूल टाकून बसले. मेथीच्या जुड्या, ओल्या गोणपाटाखाली कोथिंबीर, लिंबांचे पाच-पाचचे वाटे, आणि तराजूच्या मागे, बटाट्याच्या पोत्याखाली, पातळ पिशव्यांचा गठ्ठा. जाणकार गिऱ्हाइकालाच दिसेल असा.

“मावशी, पिशवी नाही म्हणून सांगत का नाही?”

“सांगितलं की बाई मेथी खाली ठिवती आन् पुढच्या गाडीवर जाती. तिच्याकडं असतीच पिशवी.”

“आणि सगळ्यांनीच बंद केली तर?”

“सगळ्यांनी केली तर बरंच हाय की. पिशव्यांचं पैसं वाचतील माझं. पर पयली कोन करनार?”

याच गोष्टीला वर्गात एक अख्खं व्याख्यान लागलं होतं, चौकोन काढून, त्यात आकडे भरून. मावशींनी ती लिंबं मोजता मोजता सांगितली.

मी दंडाचं विचारलं. त्या म्हणाल्या, “येत्यात की सायेब. म्हनत्यात, मावशी, आत ठेवा. पाच हजार मी कुठनं देनार, त्यांनाबी दिसतंय की.” मायकेल लिप्स्की या अभ्यासकानं १९८० मध्ये आपल्या पुस्तकात हेच मांडलं होतं. कायदा वर कुठेही झालेला असो, लोकांच्या वाट्याला येणारं खरं धोरण खिडकीपलीकडचा कारकून, नाक्यावरचा हवालदार, वर्गातला मास्तर आणि गल्लीत आलेला तपासनीस ठरवतात. इथे दंड एवढा मोठा ठेवला होता की तो करायला माणसाचा हात धजावत नव्हता. कडक शिक्षेनं कायदा कडक होतो ही आपली श्रद्धा बटाट्याच्या पोत्याखाली दबलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

बसल्या बसल्या आणखी एक दिसलं. मावशींच्या पलीकडची जागा रिकामी होती. तिथली बाई लेकीच्या बाळंतपणाला गावी गेलेली. ती जागा मोक्याची, कोपऱ्यावरची, पण तिथे कुणी बसत नव्हतं. ना पावती, ना पाटी, ना पहारा. एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते पाणी, कुरणं, जंगलं अशा सामाईक गोष्टी लोक आपापसांत नियम करून कशा सांभाळतात हे दाखवल्याबद्दल. कोपऱ्यावरची ती रिकामी जागा त्यांनी पाहिली असती तर आनंदानं वहीत टिपून घेतली असती.

संख्याशास्त्राचा पेपर मात्र अंगावर आला. संगणकावर सगळं करायचं. शेजारची तेविशीतली मुलगी जे गाणं गुणगुणत करायची ते मी ओठ आवळून करायची. पण त्यातून एक वाईट खोड जडली. घरात कुणी “अमक्यानं गुण आला” म्हटलं की माझ्या तोंडून “आणि ज्यांनी घेतलं नाही त्यांचं काय झालं?” असं निघू लागलं. सासूबाईंच्या काढ्यापासून नवऱ्याच्या म्युच्युअल फंडापर्यंत काही सुटलं नाही. ही खोड ज्यांनी जगाला लावली त्यांपैकी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं नोबेल मिळालं. बॅनर्जींचं संशोधन काय हे वाचायच्या आधी त्यांच्या आई माहेरच्या पाटणकर आणि त्यांचं मधलं नाव विनायक, हे आपण शोधून काढलं होतं. ते संशोधनही वाचण्यासारखं आहे. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात त्यांनी बाळांच्या लसीकरणाचा प्रयोग केला. काही गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुलं निघाली ६ टक्के. काही गावांत महिन्याला ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरवलं. तिथे १८ टक्के. आणि काही गावांत शिबिराला आलेल्या आईला दर लशीमागे एक किलो डाळ आणि सगळ्या लशी पुऱ्या झाल्या की ताटं दिली. तिथे ३९ टक्के.

“लाच देऊन टोचायचं?” असा प्रश्न वर्गात आलाच. हिशेब मांडल्यावर कळलं की डाळ धरूनसुद्धा दर बाळामागचा खर्च जवळपास निम्म्यावर आला. परिचारिका दोन्हीकडे दिवसभर बसणारच. डाळीच्या गावात तिच्यापुढे रांग होती आणि बिनडाळीच्या गावात ती माश्या मारत होती. मी आयुष्यभर जमाखर्च लिहिला, पण बसून राहिलेल्या माणसाचा खर्च कुठल्या खात्यात दाखवायचा हे डाळीनं शिकवलं.

माझ्या स्वतःच्या पगारपत्रकात लपलेलं धोरण सापडलं तो तास मी विसरणार नाही. व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत ३००. सगळ्यात लहान महिन्यात सगळ्यात जास्त का, असं मला स्टाफमधलं प्रत्येक नवं माणूस विचारायचं आणि मी “नियम आहे” असं खास अकाउंट्सचं उत्तर द्यायची. वर्गात कळलं की राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानं या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. बारा दुणे चोवीसशे. उरलेले शंभर वर्ष संपायच्या आत फेब्रुवारीत.

आणि तो पैसा कशासाठी? वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, सांगलीकडच्या विसापूरचे. मागेल त्याला काम द्यायचं, ही त्यांची कल्पना. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पोचली, १९७७ मध्ये विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा, तेवढीच भर सरकारनं घालायची आणि त्यातून गावाकडे बंधारे, रस्ते, पाझर तलाव. यातली मला भावलेली मेख वेगळीच आहे. गरीब कोण, हे ठरवायला दाखला लागत नाही. उन्हात खडी फोडायला, माती उपसायला जो येईल त्याला गरज आहे असं धरायचं. बागायतदार काही फावडं घेऊन उभा राहणार नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालायला लावणाऱ्या राज्यात, दाखल्याविना गरजू ओळखणारी योजना कुणाला तरी सुचली होती. पुढे २००५ मध्ये केंद्रानं देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव हाताशी होता. इतकी वर्षं ज्या कपातीकडे मी कपाळाला आठ्या घालून पाहिलं, तिच्या टोकाला कुठेतरी बंधारा होता.

गोखल्यांनाही मी या निमित्तानं नव्यानं भेटले. आपल्याला ते ‘नामदार’ आणि टिळकांशी मतभेद एवढ्यापुरते ठाऊक. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं त्यांचं १९११ चं विधेयक वाचलं तर त्यातली काटकसर थक्क करते. देशभर सक्ती नव्हतीच. ज्या नगरपालिकेची वा लोकल बोर्डाची इच्छा असेल तिनंच, तीही सरकारच्या परवानगीनं, आणि जिथे आधीच बऱ्यापैकी मुलं शाळेत जातात तिथेच. शिवाय ६ ते १० वर्षांचे मुलगे आधी, मुली नंतर. विरोधकांची एकेक हरकत ओळखून त्यांनी आपलंच विधेयक आधीच छाटून ठेवलं होतं. गणिताचे मास्तर होते, बेरीज त्यांना कळत होती; हे पडणार, असं त्यांनी सभागृहातच बोलून दाखवलं. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये शिक्षण सक्तीचं केलं होतं, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये केलं. छत्रपतींच्या एका हुकमानं झालं ते नामदारांच्या भाषणानं झालं नाही. देशभर मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. गोखल्यांचं विधेयक पडल्याला तोवर ९८ वर्षं झाली होती. दोन पानी टिपणाचा परिणाम दिसायला किती वेळ लागेल असं वर्गात कुणी विचारलं की मी हा आकडा सांगते.

या सगळ्या वाचनाच्या मध्यावर एक पुस्तक बसलं आहे, प्रेसमन आणि विल्डाव्हस्की यांचं, १९७३ चं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात बेकार लोकांना, विशेषतः कृष्णवर्णीयांना, रोजगार मिळावा म्हणून वॉशिंग्टननं २ कोटी ३० लाख डॉलर मंजूर केले. ३,००० नोकऱ्या व्हायच्या होत्या. काही वर्षांनी हाताला लागल्या त्या मोजक्याच. लेखक चोर शोधायला गेले आणि त्यांना चोर सापडेना. योजनेला कुणाचाच विरोध नव्हता. फक्त जागोजागी कुणाचा ना कुणाचा होकार लागत होता आणि असे सुमारे सत्तर होकार होते. मी गणकयंत्र काढलं. प्रत्येक ठिकाणी होकार मिळण्याची शक्यता शंभरात ऐंशी धरली तर सत्तरच्या सत्तर होकार मिळण्याची शक्यता साठ लाखांत एक, म्हणजे लॉटरी. बरं, सगळी देवमाणसं भेटली, प्रत्येकाची शंभरात नव्याण्णव हमी धरली, तरी सत्तराव्या टेबलापर्यंत शक्यता निम्म्याच्याही किंचित खाली येते.

हे गणित सुटलं त्या दिवसापासून माझं सामाजिक आयुष्य बिघडलं. नळाला पाणी आलं, बस आली, वेळेवर निकाल लागला, की मला भरून येऊ लागलं. काय चालत नाही ते सगळ्यांना दिसतं. मला चालतंय तेच नवल वाटू लागलं. आणि अशा माणसाला कट्ट्यावर काही किंमत नसते. आमच्या बिल्डिंगखालच्या बाकावर माझे चुलत सासरे नाना रोज संध्याकाळी दरबार भरवतात. नानांचा सगळ्या प्रश्नांवर एकच उपाय आहे, फाशी. भेसळ करणारे, सिग्नल तोडणारे, रात्री फटाके वाजवणारे, कुणी सुटत नाही. पूर्वी मीही दोन माणसं जास्तीची सुचवत असे. आता मी “पण नाना, हे करणार कोण?” असं म्हटलं की बाकावर थंडी पसरते. एकदा त्यांनी मला सरळच सुनावलं, “सूनबाई, तुम्ही शिकलात आणि सरकारच्या बाजूच्या झालात.”

मी सरकारच्या बाजूची झाले नव्हते, पण नानांचं बोलणं अगदीच चुकीचं होतं असं नाही. मनसोक्त चिडायला माणसाला एक ढोबळ शत्रू लागतो, ‘हे लोक’. त्या ‘हे लोक’ची सत्तर टेबलं झाली आणि प्रत्येक टेबलावर बरी-वाईट साधी माणसं बसलेली दिसू लागली की चिडण्यातली मजा जाते. या पदवीची ही किंमत माहितीपत्रकात छापायला हवी, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

अलीकडे एक दिवस नाना एकटेच वर आले. हातात कागदांची पिशवी. घराच्या मिळकतकराच्या नोंदीवर नाव लावायचा त्यांचा अर्ज एका कार्यालयात बरेच दिवस पडून होता. “उद्या या” असं साहेब अत्यंत नम्रपणे सांगत होते. मी नेहमीच्या फाशीची वाट पाहिली. नाना म्हणाले, “सूनबाई, नेमकं कुणाला विचारायचं हो?”

मी त्यांना पोचपावती काढायला सांगितली. तिच्यावर तारीख होती. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अशा कामांना मुदत ठरवून दिलेली असते, मुदत उलटली की वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, मग दुसरं, मग आयोगाकडे. आम्ही दोघांनी मिळून अपील लिहिलं. त्यात ‘पाहिजे’ एकदाही आलं नाही.

“आणि ह्या साहेबाला काही शिक्षा?” नानांनी आशेनं विचारलं.

“आहे ना. सबळ कारण नसताना उशीर केला असेल तर दंड. कमीत कमी ५०० रुपये.”

“आणि जास्तीत जास्त?”

“५,०००.”

नाना गप्प झाले. मग म्हणाले, “आपली ती भाजीवाली. तिच्या पिशवीला किती सांगितला होतात तुम्ही?”

“पहिल्यांदा सापडली तर ५,०००.”

“म्हणजे तिची सुरुवात जिथून, तिथं ह्या साहेबाचा शेवट?”

“हो.”

“हे कुणी ठरवलं?” नाना गरजले.

या एका प्रश्नापर्यंत पोचायला मी एवढी फी भरली होती. नानांना तो फुकटात सुचला, आणि तोही बाकावरून उठल्यावर.